स्क्रीनचं कोंदण

माझ्या धाकट्या भावाचा मला हेवा वाटतो. पन्नाशी उलटल्यावर हे कबूल करतोय, म्हणजे बघा किती वर्षं मी या हेव्याला दुसऱ्याच नावांनी हाक मारत असेन. कधी काळजी म्हणायचो, कधी "मला काय करायचंय" म्हणायचो आणि दिवसभर तेच करत बसायचो. त्याच्या घरी नवा पंखा आला की माझ्या घरातला पंखा मला घरघरता वाटायला लागायचा.

आमचं मूळ घर डहाणू गावात. आमच्या पट्ट्यात समुद्राकाठच्या गावांतून सोनारांसाठी डाय बनवायचा धंदा पिढ्यांपासून चालतो. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यात दागिन्याची नक्षी खोल कोरलेली. सोन्याचा पातळ पत्रा त्यावर ठेवून ठोकला की कोयरी, फूल, पान, जे असेल ते पत्र्यावर उमटतं. बाबा हेच काम करायचे, आता भाऊ करतो. चौदाव्या वर्षी मीही बसलो होतो वर्षभर. एका सोनाराच्या मोराच्या डायवर माझी छिन्नी घसरली आणि मोराची मान गेली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ठोकळा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर धाकट्याला बसवलं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याची छिन्नी घसरली नाही.

मी वायरींकडे वळलो. तलासरीला हायवेलगत माझं दुकान आहे. ट्रकचे हॉर्न, टॅक्सीतले स्पीकर, रिव्हर्सचे कॅमेरे, हौशी लोकांचे रंगीत दिवे. तलासरी ते डहाणू कोणाच्या गाडीत काही वाजत किंवा लुकलुकत असेल तर तिथे माझा हात फिरलेला असायची शक्यता बरीच. पण घरी पाहुणे आले की बाबा भिंगातून धाकट्याचे डाय दाखवणार, आणि माझा विषय निघालाच तर म्हणणार, "मोठा गाड्यांचं काहीतरी करतो." वीस वर्षं दुकान चालवतोय मी. बाबा एकदाही तिथे आले नव्हते.

भाऊ वाईट असता तर सोपं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण तो दसऱ्याला सकाळीच सोनं घेऊन माझ्या दारात उभा राहणार, वाकून नमस्कार करणार, माझ्या बायकोला "वहिनी, काही हवंनको?" विचारणार. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

शेठची गाडी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती पोट खरवडूनच. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, गडद निळी स्पोर्ट्स कार. शेठ मुंबईचे. चिखल्याला मामांची चिकूची वाडी त्यांच्या वाट्याला आली होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी इकडे यायचे. गाडी परदेशातून आणवलेली आणि जरा जुनी, तिच्यात रस्ता दाखवणारा स्क्रीन नव्हता. शेठ मोबाइल पुढच्या काचेला चिकटवून चालवायचे. त्या दिवशी उन्हाने चिकटपट्टी सुटली, मोबाइल पायाशी पडला, आणि तो वाकून उचलेपर्यंत चारोटीला भलत्याच हाताला वळून ते सायवनच्या रस्त्याला लागले. तिथे एका चरात गाडी बसली. पाड्यावरच्या सातआठ जणांनी हसत हसत उचलून बाहेर काढली, तशीच पुढे तलासरीला आली.

"भाई, मला याच्यात स्क्रीन पाहिजे, नेविगेशनवाळी," शेठ म्हणाले. "पण कंपनीनेच बसवलीय असं वाटलं पाहिजे. बजारू काम नको." मुंबईच्या दुकानांनी त्यांना सांगितलं होतं की या गाडीसाठी तयार चौकट मिळत नाही, डॅशबोर्ड कापावा लागेल. मी छाती पुढे काढून म्हटलं, "डॅशबोर्डला पातं न लावता करून देतो."

मधला रेडिओ आणि बटणं काढली की डॅशबोर्डमध्ये एक खोबण उरत होती. खालची कड सरळ, वरची कमानीसारखी, दोन्ही बाजू अगदी सारख्या. त्या खोबणीत स्क्रीन धरून ठेवायला चौकट हवी होती, आणि तीही तिरकी. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून स्क्रीनचं तोंड उजवीकडे वळायला हवं. म्हणजे चौकटीची डावी कड जाड आणि उजवी पातळ. मी फायबरची एक बनवली, घासली, काळा रंग मारला. शेठनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. टॅक्सीमधे चालेल."

टॅक्सीमधे चालेल! ते तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चौथ्या दिवशी जेवताना बायकोला सांगितलं, तर ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अहो, मग भावजींना विचारा ना. त्यांच्या हाताला हे काम म्हणजे काहीच नाही." मी पापड मोडला तो जरा जास्तच जोरात. पण ती म्हणाली ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला राग आला होता.

तर मीच गेलो डहाणूला. स्वतःच्या पायांनी. खोबणीचं माप पातळ पारदर्शक कागदावर उतरवलेलं होतं, कडांवर माझ्या अक्षरात 'जाड' आणि 'पातळ' लिहिलं होतं. भावाने कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याचा चेहरा खुलला. "दादा, फायबर नको. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढतो. हिऱ्याला कोंदण असतं तसं स्क्रीनला कोंदण." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हल्ली सोनार मशीनवर कापलेले डाय घेतात. महिनामहिना नवं काम येत नाही. हे जमलं तर मला पुढचं काही बघता येईल." हे त्याने बाबांना ऐकू जाणार नाही असं सांगितलं. मला एकट्याला सांगितलं. तेव्हा मला त्याची दया आली, खरंच आली, आणि दयेबरोबर थोडं बरंही वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. पुढच्या रविवारी शेठ मला न विचारता थेट डहाणूच्या घरी जाऊन आले. कारागीर कोण ते बघायचं होतं म्हणे. संध्याकाळी परत जाताना माझ्या दुकानाशी थांबले आणि गाडीतूनच बोलायला लागले. "तुमचा भाऊ तर आर्टिस्ट आहे, भाई! दोन तास बसलो. फादरने सगळे जुने डाय दाखवले, जेवायला घातलं, जाऊच देत नव्हते. माझ्या दोन मित्रांकडे अशाच गाड्या आहेत, फिटिंगला त्यांना घेऊन येतो. पसंत पडलं तर त्यांचं कामपण तुमच्या भावालाच."

"आणि वायरिंग?" मी विचारलं.

"ते तर तुम्ही आहातच ना, आमचे वायरवाले," शेठ हसत म्हणाले आणि गेले.

माझा तिळपापड झाला. गिऱ्हाईक माझं, गाडी माझ्या दुकानात आली, भावाला काम मी दिलं, आणि मी वायरवाला! त्यातही शेठचं मला फारसं काही वाटलं नाही. बाबांनी दोन तास बसवून घेतलं, जेवायला घातलं, ते लागलं. एका शब्दाने तरी त्यांनी सांगितलं असेल का, की याला आमच्या मोठ्याने आणलं?

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून कोसबाडवरून डहाणूला गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. भांडायला म्हणून निघालो असेन. बाबा ओटीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "काल पाहुणा आला होता, भला माणूस. धाकट्याच्या हाताचे फोटो काढून नेले." इतकंच. मी आत गेलो.

भावाने अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर रेघा मारून ठेवल्या होत्या. कुठली कड जाड ठेवायची, कुठली पातळ, त्याच्या बारीक खुणा कडांवर होत्या. माझ्यासाठी चहा आला, आणि त्याने ठोकळा माझ्यासमोर ठेवला. "दादा, एकदा बघून घे. उद्यापासून कापायला घेतो. तू बघितलंस की मला धास्ती नाही."

मी बघितलं. जाड कड उजवीकडे होती.

चूक कशी झाली हेही मला तिथल्या तिथे कळलं. डाय कोरणारा माणूस सगळं उलटं कोरतो. दागिन्याचा मोर उजवीकडे बघणारा हवा असेल तर पोलादात तो डावीकडे बघणारा कोरावा लागतो, तेव्हा कुठे पत्र्यावर सुलटा उमटतो. म्हणून चित्र पारदर्शक कागदावर काढायचं, कागद पालथा घालायचा आणि मग धातूवर उतरवायचं. भावाच्या हाताने जवळजवळ चाळीस वर्षं हेच केलेलं. माझाही कागद त्याने सवयीने पालथा घातला होता. पण इथे पत्रा ठोकायचा नव्हता, हीच वस्तू गाडीत बसायची होती. खोबणीच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे चौकट बसली असती मस्त, फक्त तिचं तोंड ड्रायव्हरकडे नाही, शेजारच्या सीटकडे झालं असतं. आणि वर कमान असल्यामुळे ती उलटी फिरवून लावायचीही सोय नव्हती.

बाबांच्या हे लक्षात येणं शक्य नव्हतं, त्यांची नजर अधू झाली आहे आणि त्यांचाही हात डायवाल्याचाच. त्या घरात ही चूक दिसू शकणारा माणूस एकच होता, आणि तो चहा पीत होता.

"ठीक आहे," मी म्हटलं.

मनात काय होतं ते सरळ सांगतो. मला त्याला पडताना बघायचं होतं. शेठसमोर, त्या मित्रांसमोर, आणि जमलं तर बाबांसमोर. एकदाच, एका मोरापुरतं. धंदा बुडावा असं मुळीच नव्हतं मनात, पण त्याचा धंदा त्याच चौकटीवर उभा राहणार होता हे मला पक्कं माहीत होतं, कारण मला एकट्यालाच त्याने ते सांगितलं होतं.

परत येताना ठरवलं, सकाळी फोन करून सांगू. सकाळी एका ट्रेलरचं वायरिंग जळून आलं आणि मी त्यात डोकं घातलं, तेही आनंदाने. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक रेघ पुसावी लागली असती. तिसऱ्या दिवशी ठोकळा वाया गेला असता. मग तो मला मोबाइलवर फोटो पाठवायला लागला. आज आतली बाजू झाली. आज कमानीला कानस लावली. आज पॉलिश. प्रत्येक फोटोत जाड कड उजवीकडे, आणि प्रत्येक फोटोला मी अंगठा पाठवला. पंधरा दिवसांत मी त्याला एवढे अंगठे पाठवले असतील की त्याच्या आधीच्या सगळ्या आयुष्यात तेवढं कौतुक मी केलं नसेल. बायको म्हणाली, "बरं वाटलं हो बघून. तुम्ही भावजींशी हल्ली किती छान वागता."

फिटिंगच्या दिवशी सकाळी भाऊ रिक्षाने आला, आणि मागच्या सीटवरून बाबा उतरले. माझ्या दुकानात, वीस वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची पुसून दिली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरची वायरींची भेंडोळी हाताने चाचपली आणि विचारलं, "कुठाय गाडी?"

शेठ आणि त्यांचे दोन मित्र गाड्या लावून समोरच्या हॉटेलात नाश्त्याला गेले होते. मी डॅशबोर्ड उघडला. खरं सांगतो, माझं काम त्या दिवशी देखणं झालं. कंपनीची एकही वायर कापली नाही, प्रत्येक जोड जागच्या जागी, अँटेना आत कुठेही खडखडणार नाही असा बांधला. भावाने फडक्यातून चौकट काढली. ती हातात घेतली आणि क्षणभर मी सगळं विसरलो, इतकी ती सुंदर होती. खोबणीत ठेवली तर नुसत्या वजनाने आत गेली, नखालाही फट सापडेना. स्क्रीन लावला, चावी फिरवली, नकाशा उजळला. तलासरीचा हायवे, बाजूला आमचा निळा ठिपका.

भाऊ हौसेने ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, याच क्षणासाठी तर थांबलो होतो. त्याने समोर बघितलं, मग मान डावीकडे झुकवली, मग आणखी झुकवली. तिथून त्याला नकाशा दिसतच नव्हता, नुसती बाहेरच्या उजेडाची चकाकी दिसत होती. त्याचा हात आपोआप उठला आणि हवेत कागद पालथा घातल्यासारखा फिरला. कळलं त्याला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "दादा," तो म्हणाला, "उलटं झालं रे."

मला वाटलं होतं मला आनंद होईल. जरासाही झाला नाही. चाळीशी उलटलेला माणूस, पण तो त्या सीटवर नऊ वर्षांचा दिसत होता. बाबा खुर्चीतून विचारत होते, "काय झालं? बसली ना?" आणि शेठ मित्रांना घेऊन रस्ता ओलांडत होते.

भाऊ गाडीतून उतरला आणि शेठसमोर जाऊन त्याने हात जोडले. "शेठ, माझी चूक झाली. तोंड उलट्या बाजूला झालंय. डायच्या सवयीने कागद पालथा घातला. हे काम मला जमणारं नव्हतं." मित्रांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली.

"त्याची चूक नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "कापायच्या आधी त्याने मला दाखवलं होतं. मला चूक दिसली होती. दिसूनही मी बोललो नाही. मुद्दाम बोललो नाही. जे झालं ते माझ्यामुळे."

मला वाटलं, आता शेठ ओरडतील, भाऊ कॉलर धरेल, बाबा उठून निघून जातील. मी तयार होतो.

शेठनी पुढे होऊन माझा हात धरला. "भाऊ असावा तर असा," ते मित्रांकडे वळून म्हणाले. "बघा. धाकट्याची चूक अंगावर घेतोय."

"तसं नाहीये शेठ, मी खरंच..."

"अरे भाई, समजलं मला. फिनिशिंग तर पाहा, एकदम फर्स्ट क्लास. दुसरी बनवू दे त्याला. मी थांबतो. हेपण थांबतात." मित्र चौकटीवरून बोटं फिरवत माना डोलावत होते. भाऊ माझ्याजवळ आला, त्याचे डोळे भरले होते. "दादा, कशाला स्वतःवर घेतोस? मला माहीत नाही का तू कसा आहेस!"

"तुला माहीत नाही," मी म्हटलं. "मी जळतो तुझ्यावर. लहानपणापासून."

तो हसला. रडता रडता हसला आणि मला मिठी मारली. माझ्या तोंडून निघालेलं आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य त्याने थट्टा म्हणून घेतलं.

मग बाबा खुर्चीचा हात धरून उठले. हळूहळू माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी आठवीत असल्यापासून दुसऱ्याच्या खांद्यावर बघत आलो होतो. "तू आज भावाला सावरलंस," ते म्हणाले. "माझं नाव राखलंस. मी कधी बोललो नाही तुला, चुकलं माझं."

"बाबा, ऐका माझं. मी खरं सांगतोय, मला दिसलं होतं."

"पुरे आता," त्यांनी खांदा थोपटला. "मोठा मुलगा असाच असतो."

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. भावाने दुसरी चौकट बरोबर केली, मित्रांच्या दोन्ही केल्या, आणि आता त्याच्याकडे तेच काम जास्त असतं. बाबा पाहुण्यांना डाय दाखवून झाले की तलासरीतली ती गोष्ट सांगतात, आणि "आमचा मोठा" म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. बायकोला मी दोनदा सगळं पहिल्यापासून सांगून बघितलं. दुसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "मोठेपणा घ्यायला एवढं काय लाजता हो?"

भावाचा हेवा पूर्वीइतका राहिलेला नाही. त्याचं काम बघायला मी आता मुद्दाम जातो, आणि कापायच्या आधी प्रत्येक रेघ तीनतीनदा तपासतो. हेवा वाटतो तो आता दुसऱ्याच एका माणसाचा. त्या सकाळी बाबांनी ज्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा. तो माणूस मी असतो तर फार बरं झालं असतं.